गोकाक फॉल्सचं (बेळगाव जिल्ह्यातला घटप्रभा नदीवरचा धबधबा) जुनं पॉवरहाऊस कुणी कुणी आतून बघितलंय? अनुभव लिहा

टिळकवाडीची: काल भावानं फॉल्सचा व्हिडिओ पाठवला, झुलत्या पुलावर ही गर्दी, सगळे पाण्याकडं तोंड करून सेल्फी काढूलालेत आणि खाली पॉवरहाऊस आहे तिकडं एकाचंही लक्ष नाही. १८८७ साली तिथं वीज तयार झाली हो! शाळेत असताना बाबांनी ओळखीनं परवानगी काढून खाली नेलं होतं, ट्रॉलीत बसून. ट्रॉली हलली तसा आईनं माझा दंड असा धरला की बोटं उमटली. वायररोपला काळं ग्रीस, आत गेल्यावर तेलाचा वास, आणि पायाखालची फरशी बारीक थरथरत होती. बाबा ओरडून काहीतरी समजावत होते पण ऐकू कुठं येतंय. तुम्ही कोण कोण गेलाय, लिहा की.

मिलवाल्यांचा नातू: आजोबा फॉल्सजवळच्या गोकाक मिलमध्ये, म्हणजे सूतगिरणीत, स्पिनिंग खात्यात होते. मिल १८८५ ची. धबधबा होता म्हणून मिल तिथं आली, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, चहा येईपर्यंत.

खानापूरकर: आम्ही रेल्वेनं गेलतो, गोकाक रोडला उतरून पुढं टेंपो. पुलावरच इतके भिजलो की पुढचं काय बघायचं. पूल पण साधा नाही, २०० मीटर लांब आहे, मधोमध गेलं की हलतो, आमची आत्या रेलिंग धरून तिथंच बसली आणि रामरक्षा सुरू.

टिळकवाडीची: @खानापूरकर आत्यांना नमस्कार सांगा 😄

वायरमन_हिंडलगा: पाणी धबधब्याच्या वरच्या अंगाला वळवून घेतात आणि पाइपातून खाली सोडतात. धबधब्याची उंची ५२ मीटर धरा, म्हणजे खाली पाइपच्या तोंडाशी साधारण ५ बार दाब झाला की नाही, घरच्या नळाला १ बार मिळाला तर नशीब. त्या दाबानं टर्बाइन फिरतं, त्याला जोडलेला जनरेटर फिरतो, बस्स. कोळसा नाही धूर नाही. आयटीआयच्या पोरांना पहिल्या वर्षातच इथं आणायला पाहिजे, पुस्तकातल्या आकृतीत दाब कळत नाही, इथं कानाला कळतो.

निपाणीचा: कावेरीवरचं शिवनसमुद्रचं पॉवरहाऊस बघून आलोय, ते १९०२ चं, कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी बांधलेलं. गाइड सारखं आशियातलं पहिलं म्हणत होता, मी म्हटलं अण्णा, आमच्या गोकाकचं साल ऐका मग बोला.

वायरमन_हिंडलगा: @निपाणीचा बरोबर बोललात बघा 👍

शहापूर_वैनी: कुकर लावलाय तेवढ्यात लिहिते. २०१९ च्या ऑगस्टात घटप्रभेला पूर आला तेव्हा माझं माहेर गोकाक गावात, घरात पाणी, आई-दादांना शेजाऱ्यांनी बाहेर काढलं. तेव्हापासून ते पाणी बघायला मन होत नाही. पॉवरहाऊस लांबूनच बघितलंय.

टिळकवाडीची: वैनी, आई-दादा आता बरे आहेत ना? घर परत उभं राहिलं?

शहापूर_वैनी: हो गं, राहतात तिथंच. दादा तर सोडायला तयारच नाहीत.

घटप्रभेची पोर: आत्ता परवानगी मिळती का? पोरांना न्यायचंय. जुलै ते सप्टेंबर पाणी भरपूर असतं, उन्हाळ्यात गेलं तर नुसता खडक. महालिंगेश्वराचं जुनं देऊळ पण बघा, चालुक्यांच्या वेळचं, लोक तिथं नुसत्या चपला काढून सावलीला बसतात, कोरीवकाम बघत नाहीत.

मिलवाल्यांचा नातू: जागा मिलच्या हद्दीत आहे, आधी विचारल्याशिवाय खाली सोडत नाहीत. आमच्या वेळी गेटवर अर्ज द्यायला लागायचा. रविवारी नको, आडवारी जा.

खानापूरकर: येताना करदंट (गोकाकची डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) कुठला घ्यायचा ते पण सांगा की कुणीतरी

शहापूर_वैनी: गुळाचा. डिंक जास्त असलेला बघून घ्या, आणि गावात घ्या, फॉल्सवर नको.

निपाणीचा: वैनी, अर्धा किलो माझ्या नावावर