मदत हवी आहे: बॉस्टनच्या शाळा, वंश आणि वर्ग

नमस्कार मंडळी. बॉस्टनजवळच्या उपनगरात राहतो. मुलीला शाळेत १९७४च्या 'बसिंग'वर (काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवणं) प्रकल्प करायचाय आणि तिच्याबरोबर मीही वाचत बसलोय.

न्यायाधीश गॅरिटी यांनी जून १९७४ मध्ये निकाल दिला, की बॉस्टनच्या स्कूल कमिटीने (शहरातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) जाणूनबुजून काळी-गोरी मुलं वेगळी ठेवली. मग रॉक्सबरीची काळी मुलं बसने साउथ बॉस्टनला आणि तिकडची गोरी मुलं रॉक्सबरीला. सप्टेंबरात काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. इथवर समजलं.

अडतंय ते पुढे. दोन्ही वस्त्या गरीबच. साउथ बॉस्टन म्हणजे आयरिश कामगारांची वस्ती. सुखवस्तू उपनगरं मात्र नामानिराळी! त्याच वर्षी जुलैत डेट्रॉइट शहराच्या अशाच मिलिकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या शाळा-एकत्रीकरणाच्या योजनेत ओढता येणार नाही. गॅरिटी स्वतः वेलस्लीत, म्हणजे उपनगरातच राहायचे.

म्हणून 'हा खरा वर्गाचा झगडा होता' असं म्हणणारे भेटतात. मला ते अर्धवट वाटतं. दगड खाणारी मुलं गरीब होती म्हणून नव्हे, काळी होती म्हणून खात होती. पण वर्ग वगळला तरी चित्र पुरं होत नाही. दहावीतल्या मुलीला हे दोन्ही धागे एकत्र कसे समजावू?

शिवाय १९६६ पासून मेटको योजनेत शहरातली मुलं स्वेच्छेने उपनगरी शाळांत जातात. त्यातून शिकलेलं कुणी ओळखीचं आहे का? मुलीला मुलाखत घ्यायची आहे. मराठीत यावर काही वाचलं असेल तर तेही कळवा.