दुधीला फुलं भरपूर, फळ एकही नाही

बी-७०२: मंडळी, बाल्कनीतला दुधी नुसता फुलतोय. फळाचा पत्ता नाही. वेल रेलिंगवरून खाली उतरला. काय करू?

बी-६०२: काकू, तो आमच्याकडे पोचलाय. फळ आलं तर निम्मं आमचं.

सी-१०४: आंबट ताक शिंपडा.

ए-३०१: चमचाभर डीएपी खत घाला.

अण्णा (ए-१०१): डीएपी राहू दे. त्यात १८ टक्के नत्र असतं, त्यानं पानंच वाढतात, आणि वेल आधीच पानांनी माजलाय. ताई, फुलाच्या मागे बघा. नुसता बारीक लांब देठ आहे की फुलाखाली इवलासा लवदार दुधी दिसतोय?

बी-७०२: (फोटो) सगळी लांब देठाचीच.

अण्णा: मग ती सगळी नर फुलं. आधी नरच येतात, मादी मागून. दुधीत मुख्य वेलावर मादी कमीच येतात, त्या बगलफुटीवर जास्त. शेंडा खुडा. बाजूचे फुटवे हातभर वाढले की त्यांचाही खुडा. यूट्यूबवाले त्यालाच थ्री जी कटिंग म्हणतात.

ए-३०१: आमच्या विंगेत थ्री जीची रेंजसुद्धा येत नाही 😄

डी-५०३: अण्णा, आमच्याकडे मादी फुलं येतात, पण बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळतो. पाणी कमी पडतंय का?

अण्णा: गळलेला उभा चिरा. आत अळी असेल तर फळमाशी. क्यू ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा, कृषी सेवा केंद्रात मिळतो. अळी नसेल तर बहुतेक परागीभवनच झालेलं नाही. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, पांढरं असतं, त्यावर रात्रीचे पतंग येतात. पाचव्या मजल्यावर किती येणार? तुम्हीच करा. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एका मादीला दोन नर वापरा. जमलं असेल तर चार-पाच दिवसांत दुधी फुगायला लागतो.

डी-५०३: मी रोज सकाळी चहा घेताना ब्रश फिरवत होते!

अण्णा: ती वेळ काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळ्याची. दोडका मात्र दुधीसारखा संध्याकाळचा.

सी-१०४: माझ्या टोमॅटोची फुलं देठासकट गळतात. तिथेही नर-मादी?

अण्णा: नाही, टोमॅटोत दोन्ही एकाच फुलात. सकाळी घोसाला टिचकी मारली तरी पराग पडतो. पण आत्ता एप्रिल आहे. दुपारी पस्तिशीच्या वर पारा आणि रात्रीही उकाडा, मग पराग निकामी होतो. हिरवी जाळी लावा, माती वाळू देऊ नका. खरं तर पुण्यात कुंडीतला टोमॅटो पावसाळा सरताना लावावा, थंडीत छान धरतो.

सेक्रेटरी: बागकाम चालू द्या. सूचना: गुरुवारी सकाळी ८ वाजता गार्डनमध्ये औषध फवारणी.

अण्णा: साहेब, सकाळी नको. मधमाश्या तेव्हाच फुलांवर असतात. अंधार पडल्यावर ठेवा, तेही उमललेली फुलं वगळून.

ए-३०१: माश्या मुद्दाम सांभाळायच्या? टाकीखालचं आग्यामोहोळ विसरलात?

अण्णा: ती आग्या. सातेरी मधमाशी वेगळी, पोकळीत घर करते आणि बरीच शांत असते. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथे जाऊन विचारा.

बी-६०२: पण अंधारात फवारलं तर अण्णांच्या पतंगांचं काय?

अण्णा: म्हणून तर फुलं वगळा म्हटलं. शिवाय सातव्या मजल्यावर पतंगांचं काम आता काकूंकडे.

सेक्रेटरी: बरं. गुरुवारी संध्याकाळी ७:३०. फक्त कुंपणाची मेंदी, फुलझाडं सोडून.

बी-७०२: शेंडा खुडला. एक शेवटचं अण्णा, वांग्याचीही निम्मी फुलं गळतात.

अण्णा: थोडी गळणारच. फुलात मधला हिरवट दांडा पिवळ्या परागकोशांच्या आतच राहिला असेल तर ते फूल सहसा फळ धरत नाही. बाहेर डोकावणारा असेल तर धरतं. बाहेर आलेले दांडे बरेच असतील तर काही करू नका.