एचबीए१सी ६.१ आलाय, जिमवाला म्हणतो भाकरी बंद. सोलापुरात राहून जमतं का हे?

कडकभाकरी८४:
नमस्कार मंडळी. वय ३९, राहायला जुळे सोलापूर, काम दिवसभर खुर्चीवरचं. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आणि उपाशीपोटी साखर ११२. डॉक्टर म्हणाले गोळी नको अजून, तीन महिने खाणं सुधारा आणि चाला. बस एवढंच, खायचं काय ते कोण सांगणार? आता जिममधला पोरगा म्हणायलाय ज्वारी, गहू, भात सगळं बंद कर, आपले पूर्वज शिकार आणि कंदमुळं खायचे, धान्य आलं तिथनंच आजार आले म्हणे. त्याचं ऐकून दोन दिवस भाकरीशिवाय जेवलो तर आई ताटावरनं उठूनच गेली. घरात मंगळवेढ्याची ज्वारी पोत्यानं येते ओ, आणि मटण-अंडी घरात शिजत नाही, अंडी मी बाहेर खातो. त्यात आता हुरडा आला, मग संक्रांत, मग गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा. कुणी लो-कार्ब, म्हणजे धान्य-साखर कमी करून, केलंय का इथं राहून, खरं खरं सांगा.

पार्कचौकवाला:
मी केलंय भावा, कीटो, म्हणजे कार्ब जवळपास बंदच, एप्रिल ते डिसेंबर. पहिल्याच आठवड्यात साडेतीन किलो गेले आणि मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटलो, नंतर कळलं ते बरंचसं पाणीच असतं, शरीर जी साखर साठवून ठेवतं ती आपल्या तिप्पट पाणी धरून बसते, कार्ब बंद केले की आधी ते निघतं आणि त्याच्यासोबत मीठपण जातं. आणि मी शहाण्यानं सुरू कधी केलं तर एप्रिलमध्ये, ४२ डिग्रीत. सिग्नलला गाडीवर असताना डोळ्यापुढं अंधारी आली. मीठ घालून ताक प्यायला लागलो तेव्हा थांबलं ते.
वजन ८९ चं ७९ झालं, खोटं नाही बोलत. पण डिसेंबरात मित्राच्या शेतात आगटीपुढं बसलो, गुळभेंडी हुरडा, शेंगाची चटणी, वर दही, आणि तिथनं जे सुटलो ते मार्चपर्यंत परत ८६. कीटोत दिवसाला २० ते ५० ग्रॅमच कार्ब चालतात आणि आपली एक मोठी भाकरी म्हणजेच ४०-४५. एक खाल्ली की दिवस संपला तुझा. शाकाहारी घरात अजून अवघड, कारण आपण डाळीला प्रोटीन म्हणतो पण तिच्यातपण निम्म्याहून जास्त कार्बच असतात. पनीर किती दिवस खाणार?

माळदांडी:
पूर्वज म्हणजे नेमके कुठले ते आधी ठरवा बाळांनो. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, शेंगा आणि मिरची अमेरिका खंडातनं पोर्तुगीजांच्या काळात आलेली. आदिमानवाचंच खायचं असेल तर शेंगाची चटणी आधी सोडावी लागेल, मग सोलापुरात राहून करणार काय?
माझे पूर्वज मी बघितलेले आहेत. ७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो, खडी फोडायच्या कामावर सुकडी, म्हणजे पिठाचं सुकं खाणं, मिळायची आणि रेशनला लाल मिलो, ती परदेशी ज्वारी. वडील चांगल्या वर्षात एका बैठकीला चार भाकरी खायचे, सोबत कांदा, चटणी, पातळ पिठलं, आणि पोट पाठीला लागलेलं. गव्हाची पोळी सणाला, भात पाहुणा आला तर. म्हणजे जेवण सगळं कार्बचंच होतं, पण ते दहा तास रानात जिरत होतं. तुम्ही भाकऱ्या वडिलांच्या मोजणार आणि बसणार एसीत, मग साखर वाढणार नाही तर काय होणार? मी आता ६० ग्रॅम पिठाची एकच भाकरी खातो, तीपण दुपारी. पालेभाजी मात्र भाकरीच्या दुप्पट, चाकवत, चुका, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, जे मिळेल ते. रात्री दिवे लागायच्या आत जेवण उरकतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत दोन चकरा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते, हे मी घरी मशीन लावून बघितलंय.

गोळीबाटली:
मेडिकल दुकान आहे माझं, म्हणून एकच सांगतो, हे वाचणाऱ्यात कुणाला साखरेची गोळी चालू असेल तर परस्पर कार्ब बंद करू नका. ग्लिमेपिराइड चालू असताना भाकरी सोडली तर साखर एकदम खाली जाते, घाम, थरथर, कधी चक्कर. डॅपाग्लिफ्लोझिन, ही दुसरी साखरेची गोळी, घेणाऱ्यांनी कीटोचं नावच काढू नका, रक्तात आम्ल वाढून दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते. इन्सुलिनवाल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही.
मूळ प्रश्नवाल्या भाऊंना गोळी नाही ते बरंय. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, परत फिरता येतं. भाऊ, चहा किती होतो दिवसाला आणि साखर किती चमचे?

कडकभाकरी८४:
चहा सहा. कधी सात. दोन चमचे साखर. संध्याकाळी ऑफिसखाली पावचटणी.

गोळीबाटली:
घ्या. सहा चहाचे बारा चमचे, म्हणजे ५०-६० ग्रॅम निव्वळ साखर, वर मैद्याचे पाव. एवढ्यात एक भाकरी आरामात बसते की ओ! आणि भाकरीत निदान फायबर तरी आहे. बिचाऱ्या आईला कशाला उपाशी उठवलं?

पार्कचौकवाला:
😂😂 भाकरी फुकट बदनाम. पण कडक भाकरीचं सांभाळ हां, पातळ असती म्हणून दह्याबरोबर चार कधी जातात कळत नाही, नावच तसलं घेऊन बसलायस तू.

कडकभाकरी८४:
आज आईला सांगितलं, दुपारी एक भाकरी, रात्री नुसती भाजी, ताक आणि मूठभर भाजलेल्या शेंगा. ती म्हणाली एक म्हणजे केवढी ते मी ठरवणार. चहा दोनवर आणलाय, बिनसाखरेचा, डोकं दुखायलंय कालपासनं. माळदांडी काका, हुरडा किती चालेल तेवढं सांगा.

माळदांडी:
एक वाटी, आणि त्या दिवशी भाकरी नाही. गूळ लांब ठेवा. शेतातनं गाडीपर्यंत चालत या, गाडी बांधाला लावू नका.