लुई मात्झिनीचे खून नक्की किती?

जागती_खिडकी (धागा):
'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) हा ब्रिटिश विनोदी सिनेमा काल पुन्हा पाहिला. पुढे शेवट फोडलाय, बघायचा असेल त्यांनी इथूनच परत फिरा.

ड्यूकच्या घराण्यातल्या मुलीनं इटालियन गायकाशी लग्न केलं म्हणून घराण्यानं तिला टाकलं. ती मेल्यावर पूर्वजांच्या शेजारी पुरायलासुद्धा नकार. तिचा मुलगा लुई कापडाच्या दुकानातला नोकर. तो आपल्या आणि गादीच्या मधले नातेवाईक एकेक करून उडवतो. आपल्याकडे भाऊबंदकीत बांध कोरतात, हा थेट भाऊबंदच कोरतो.

आठ खून होतात आणि आपण आठही वेळा हसतो. का? एक तर लुई झालेल्या डेनिस प्राइसचं निवेदन, आवाज कुठे म्हणून चढत नाही. आणि मरणारे आठही जण एकच नट, अ‍ॅलेक गिनेस! आत्ता मेलेला चेहरा पुढच्या प्रसंगात नव्या मिशा लावून हजर. रडणार कुणासाठी?

हेन्रीचा प्रसंग बघा. बायकोला दारू खपत नाही म्हणून हा फोटो धुण्याच्या खोलीत चोरून पितो. लुई तिथल्या दिव्यात रॉकेलऐवजी पेट्रोल भरून ठेवतो. मग बागेत चहा. हेन्रीची बायको नवऱ्याबद्दल बोलतेय, तिच्या पाठीमागे भिंतीपलीकडून धूर वर चढतोय, आणि लुई शांतपणे हेन्रीच्या भवितव्याची चर्चा पुढे चालू ठेवतो. असल्या सिनेमात नीती शोधणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

खडीसाखर:
+१. पण हिशेब चुकला. खून सहाच. अ‍ॅडमिरल स्वतःच्या हट्टापायी जहाजासकट बुडतो, आणि बँकवाले म्हातारबुवा आपण ड्यूक झालो या धक्क्यानंच जातात. लुईला फाशी सुनावतात ती मात्र न केलेल्या सातव्या खुनासाठी.
मला आवडतो तो जल्लाद. आता ड्यूक झालेल्या लुईला रेशमी दोरानं फाशी द्यायची, त्यानंतर साधा दोर हातात धरवणार नाही म्हणून गडी निवृत्तीच घ्यायला निघालाय!

तिरकी_रेघ:
एक म्हणतो आठ, एक म्हणतो सहा. पहिला बळी होडीतून बंधाऱ्यावरून खाली जातो तेव्हा त्याच्याबरोबर एक मुलगी असते, ती कुणाच्या खात्यात? ती ना त्या घराण्यातली, ना तिचा चेहरा गिनेसचा. तिचं नाव आठवतंय कुणाला? लुई एका वाक्यात वाईट वाटल्याचं सांगतो आणि त्याच वाक्यात तिच्या अब्रूवर विनोद करतो. तुम्ही हसलात. मीही हसले होते, पहिल्यांदा.
ड्यूकला जुळे वारस होतात आणि घटसर्पानं जातात, तेव्हा सोबत डचेसही गेली याला लुई 'बोनस' म्हणतो. हा खुसखुशीतपणा नाही, मस्तवालपणा आहे.

जागती_खिडकी:
मुलीचा मुद्दा लागला, खोटं कशाला बोलू. पण ते वाक्य लुईचं आहे, दिग्दर्शक रॉबर्ट हेमरचं नाही. आईला माणसात न धरणाऱ्यांवर हा सूड उगवतो आणि करता करता त्यांच्यासारखाच होतो. बाकीच्यांना मोजायचंच नाही, ही तर खास उमरावी सवय.

तिरकी_रेघ:
हे तुम्ही आत्ता, मी टोकल्यावर म्हणताय. धाग्यात तर 'नीती शोधणाऱ्यांना नमस्कार' होता :)

फुकटचा_पास:
म्हणून मला चॅप्लिनचा 'मस्य वेर्दू' (१९४७) उजवा वाटतो. तोही गोडबोल्या खुनी, पैसेवाल्या बायकांशी लग्नं करून त्यांना संपवणारा. पण तो शेवटी कोर्टात जगालाच विचारतो: सामूहिक कत्तलीची हत्यारं तुम्ही बनवता, मी तर हौशी खेळाडू.

खडीसाखर:
तिथेच तर मला जांभई आली. दोन तास मजेत मारामारी आणि शेवटी कीर्तन! हेमर लुईला सोडतो. फाशी टळून लुई तुरुंगाच्या दारात उभा, बाहेर दोन बायका वाट बघतायत, आणि तेवढ्यात आठवतं की कबुलीजबाबाचे कागद कोठडीतच राहिले. बस, पडदा. अमेरिकेत सेन्सॉरच्या नियमांना गुन्हेगार सुटलेला चालेना, म्हणून तिथल्या प्रतीत ते कागद अधिकाऱ्यांच्या हाती पडताना दाखवले. त्या चार क्षणांनी मजाच घालवली.

तिरकी_रेघ:
मला तोही शेवट चालला असता. त्या मुलीच्या वतीनं.

जागती_खिडकी:
होडीचा प्रसंग आत्ता परत लावला. या खेपेला हसू आलं नाही. चहाच्या प्रसंगाला मात्र आलं. काय करू?

खडीसाखर:
हिशेब दुरुस्त: सहा अधिक एक, सात. डचेस धरायची का?

तिरकी_रेघ:
नको, ती घटसर्पाच्या खात्यात.