मदत हवी आहे: पहिली नोकरी, वृद्धांचं केंद्र, सकाळचा राउंड वेळेत संपत नाही

नवी_सिस्टर (शुक्रवार, दुपारी ३.१०)
कृपया लवकर सांगा, रविवारपासून मला एकटीला नाइट लावलीय. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, पहिलीच नोकरी. सांगलीजवळ वृद्धांच्या केंद्रात लागून नऊ दिवस झाले. सकाळचा राउंड मला अडीच तास लागतो, आमच्या सिनियर सिस्टर चाळीस मिनिटांत उरकतात. काल इन्चार्ज सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अशानं तू पुढच्या ड्युटीला ओव्हर कधी देणार?" रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी फीडची नळी), कॅथेटर, ड्रेसिंग सगळं येतं मला, फक्त हात भरभर चालत नाही. ट्रेनिंगला वॉर्डात आम्ही सहा-सहा मुली असायचो, इथं मी एकटी. स्पीड कसा वाढवायचा? वृद्धाश्रमात काम केलेल्या कुणी असतील तर प्लीज सांगा.

जुनी_सिस्टर_मिरज (३.२५)
बाळ, घाबरू नकोस. पण तू काहीच सांगितलं नाहीस. पेशंट किती? पडून असलेले किती? राउंड म्हणजे त्यात काय काय धरलंयस? गोळ्या कुठं ठेवतात, कोण काढतं? सोबत मावशी किती? मी मिरजेत ३१ वर्षं वॉर्डात काढली आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं अशाच एका केंद्रात होते. हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कुपवाडकर (३.४०)
पगार किती देतात? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्राच्या समितीनं ५० खाटांपेक्षा लहान खासगी दवाखान्यातसुद्धा नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असं सांगितलंय. त्यापेक्षा कमी देत असतील तर एकटीनं नाइट करूच नकोस. आणि मूळ सर्टिफिकेटं त्यांच्याकडं जमा केली असशील तर आजच परत माग.

वारणाकाठ (३.५२)
कुपवाडकर, ती शिफारस आहे, आणि तीही रुग्णालयांसाठी. वृद्धाश्रमाला ती लावायला गेलात तर मालक हात वर करतो. माझ्या बहिणीनं हे भोगलंय. मूळ कागदांचं मात्र बरोबर बोललात, झेरॉक्सच द्यायची. ताई, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर आलाय ना?

जाऊ_दे_परदेशी (४.०५)
मी सांगतो ते ऐक. इथं दोन वर्षं काढ आणि तोवर जर्मन भाषा शिक, बी-२ पातळीपर्यंत. तिकडं वृद्धांच्या केंद्रात माणसं मिळत नाहीत, तुझा हा अनुभव कामाला येईल. माझा मावसभाऊ गेलाय, पुण्यात क्लास केला होता त्यानं. हवं तर सगळी माहिती देतो.

नवी_सिस्टर (४.३०)
पगाराचं आणि जर्मनीचं नंतर बघू, रविवार परवावर आलाय. नंबर आलाय, कागद माझ्याकडंच आहेत.
एकूण ३८ जण. त्यातले ११ पडून, चौघांना ट्यूबनं फीड, पाच जण इन्सुलिनवर. रात्री दोन मावशी. राउंड म्हणजे सहा ते आठमध्ये शुगर, इन्सुलिन, बीपी, फीड आणि सगळ्यांच्या गोळ्या. गोळ्या घरचे आणून देतात, प्रत्येकाची पिशवी कपाटात असते. मी पिशवी उघडते, पट्टी बघते, केस पेपरशी ताडते, मग देते. त्यातच वेळ जातो.

तासगावचा_मुलगा (४.५०)
मी नर्स नाही, पण आमच्या आईला अर्धांग झाल्यापासून तीन वर्षं घरीच बघतोय. वेळ वाचवायचा तर खलबत्ता आण. सगळ्या गोळ्या एकदम कुटायच्या, कोमट पाण्यात कालवायच्या, ट्यूबमधून सोडायच्या. ज्यांना ट्यूब नाही त्यांना पेजेत. म्हातारी माणसं गोळी गालात धरून बसतात, मग थुंकतात, त्यात पंधरा मिनिटं जातात. कुटली की काम झालं.

औषधवाला_विश्रामबाग (५.०२)
दादा, तुम्ही आईसाठी जे करताय त्याबद्दल आदरच आहे, पण हे कुणाला सांगू नका. नावापुढं एसआर, ईआर, एक्सआर असं काही असलेली गोळी पोटात हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एका झटक्यात अंगात जातो. शुगरची मेटफॉर्मिन एसआर, बीपीच्या कितीतरी गोळ्या यात येतात. पित्ताची पॅन्टोप्राझोल आणि लेप दिलेली अॅस्पिरिन कुटली तर लेपाचा उपयोगच संपला. काउंटरवर रोज एक तरी माणूस मला हे विचारतो.

तासगावचा_मुलगा (५.१०)
तीन वर्षांत आईला काही झालेलं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, कुटून द्या म्हणून.

औषधवाला_विश्रामबाग (५.१६)
कुठली गोळी कुटायची हेही त्यांना विचारलं होतंत का? चिठ्ठी घेऊन या, मी एकेक बघून देतो. बऱ्याच औषधांचं सिरप मिळतं, किंवा साधी गोळी तरी मिळते.

जुनी_सिस्टर_मिरज (५.३०)
औषधवाले बरोबर सांगतायत. त्यात माझी भर: ट्यूबमधून देताना गोळ्या एकत्र कालवायच्या नाहीत, फीडमध्ये तर नाहीच. एकेक वेगळी विरघळवायची, मध्ये थोडं पाणी सोडायचं आणि शेवटी वीस-तीस मिली पाण्यानं ट्यूब धुवायची. नाहीतर ट्यूब चोंदते आणि पहाटे सहाला नवीन ट्यूब घालत बसशील. डोक्याकडची बाजू उचललेली ठेव, फीडनंतर निदान अर्धा तास तरी.
आता मुद्द्याचं सांग. तुझ्या सिनियर चाळीस मिनिटांत कसं उरकतात? काय काय करतात ते एकेक करून लिही.

नवी_सिस्टर (६.४५)
सिनियर सिस्टर रोज रात्री दोनलाच सगळ्या पिशव्यांतून गोळ्या काढून ठेवतात. वाट्या असतात स्टीलच्या, त्यावर कॉट नंबर. चार्टवर सकाळच्या सह्याही तेव्हाच करतात. सकाळी मावशी एका बाजूनं वाट्या वाटत जातात, दुसऱ्या बाजूनं सिस्टर. सगळेच असं करतात म्हणून आधी लिहिलं नाही.

वारणाकाठ (६.५१)
द्यायच्या आधीच सह्या?

कुपवाडकर (६.५८)
अहो, ३८ पेशंटना एक नर्स असेल तर दुसरं काय करणार ती? तुम्ही सिस्टरना दोष देताय, मालकाला द्या.

जुनी_सिस्टर_मिरज (७.४०)
दोष कुणाला द्यायचा ते ठरवत बसायला वेळ नाही, पोरीला परवा रात्री उभं राहायचंय.
बाळ, तू हळू नाहीस. तू राउंड करतेस आणि त्या वाट्या वाटतात. दोन्हींच्या वेळेची तुलनाच होत नाही.
एक गोष्ट सांगते, माझ्या हातून घडलेली. पाचवं की सहावं वर्ष असेल, वॉर्ड भरलेला. आमच्याकडं पाटील आजी दोन होत्या, सांगली-मिरजेत हे काही नवल नाही. गोळ्या मी आधी काढून ठेवल्या, कॉट नंबरवर. पहाटे एका आजीला पंख्याचा वारा सोसेना म्हणून मामानं दोघींच्या कॉट बदलल्या, मला कुणी सांगितलं नाही. मी दुसऱ्याच आजीला बीपीच्या दोन गोळ्या दिल्या. आठ वाजता त्या संडासला उठल्या आणि दारातच खाली बसल्या. हात गार, बीपी वरचं ८०. पाय उंच करून, सलाइन लावून दुपारपर्यंत त्यांच्या पायाशी बसून होते. वाचल्या. शुद्धीवर आल्यावर मलाच म्हणाल्या, "तू जेवलीस का?" त्या दिवसापासून आधी काढून ठेवलेली गोळी मी दिली नाही आणि दिल्याशिवाय सही केली नाही. केंद्रात तर माणसं चालती-फिरती असतात, दुसऱ्याच्या कॉटवर जाऊन झोपतात. कॉटच्या नंबरावर विसंबूच नकोस.

आयर्विन_पूल (८.०५)
जुन्या सिस्टरांचं अगदी पटलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही आमच्या गल्लीतल्या एका आश्रमातली माणसं बोटीतून काढली. वर आणल्यावर कुणाला कुठली गोळी, काही कळेना. दोघी आजींना तर स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. चार्ट पाण्यात गेलेले. शेवटी एका मावशीनं चेहरे बघून एकेकाची नावं सांगितली. तेव्हापासून मी आईच्या औषधाच्या पिशवीवर तिचा फोटो चिकटवलाय, आत चिठ्ठीची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये. सिस्टर, तुम्हीही करा, एका दुपारचं काम आहे.

औषधवाला_विश्रामबाग (८.२०)
फोटो उत्तम. मी तर म्हणेन आठवड्याचा कप्प्यांचा डबा करा, दुकानातून भरून मिळतो. सकाळ-दुपार-रात्र वेगळी, सिस्टरांनी फक्त द्यायचं.

जुनी_सिस्टर_मिरज (८.३२)
मला नाही पटत. डब्यात गोळी पट्टीबाहेर असते. पांढरी गोल गोळी बघून ती बीपीची की थायरॉइडची हे तुम्ही तरी सांगाल का? मधेच डॉक्टरांनी डोस बदलला तर सात दिवसांचा डबा कोण उपसणार?

औषधवाला_विश्रामबाग (८.४१)
पट्टी कापून तुकड्यासकट भरतो आम्ही, नाव दिसतं. ३८ पिशव्यांत हात घालण्यापेक्षा चूक कमीच होईल.

जुनी_सिस्टर_मिरज (९.१०)
नावासकट असेल आणि केंद्रातल्या एकीनं चार्टशी ताडून घेतलं तर चालेल. पण ते दोन दिवसांत होणार नाही. हिला आत्ता काय करायचं ते सांगते.
सहा ते आठमध्ये इतकं कोंबलंय कुणी? डॉक्टरांना चार्ट दाखव आणि विचार, यातलं सकाळी लागतंच असं काय आहे. थायरॉइडची उपाशीपोटीच हवी, नाश्त्याच्या अर्धा-एक तास आधी, ती पहिली. कॅल्शियम तिच्याबरोबर देतच नाहीत, चार तासांचं अंतर लागतं, म्हणजे ते दुपारच्या जेवणावर जाईल. व्हिटॅमिनच्या गोळ्या सकाळी सहालाच कशाला? निम्म्या पिशव्या अशाच हलक्या होतील. आपल्या मनानं मात्र एकही गोळी हलवायची नाही, डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.
शुगर साडेपाचला सुरू कर. इन्सुलिन द्यायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन नाश्ता खरंच तयार आहे ना ते डोळ्यांनी बघ. गॅस संपला म्हणून पोहे तासभर उशिरा आले आणि आजोबा घामानं डबडबले, असं मी बघितलंय. शुगर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपास. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, थेट डॉक्टरांना फोन. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं तरी आधी शुगर बघ.
आणि मावशींना मदतीला घे. कूस बदलणं, तोंड धुणं, उशा लावून बसवणं त्यांनी साडेपाचपासून सुरू करायचं. तू ट्रॉली घेऊन पोचशील तेव्हा माणूस बसलेला हवा. तुझा निम्मा वेळ लोकांना उठवण्यात जात असणार.

नवी_सिस्टर (९.३५)
हो, उठवण्यातच जातो! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाटील आजी आमच्याकडं चार आहेत.
इन्सुलिनचं एक विचारते. बाटलीवर ४० आययू लिहिलंय, सिरिंजची टोपी नारिंगी आहे. सगळे तीच वापरतात. मिश्र इन्सुलिन हलवायचं की नाही?

औषधवाला_विश्रामबाग (९.३७)
थांबा. नारिंगी टोपी? सिरिंजवर यू-१०० लिहिलंय का बघा.

नवी_सिस्टर (९.४४)
हो, यू-१००.

औषधवाला_विश्रामबाग (९.५०)
सिस्टर, ती सिरिंज त्या बाटलीची नाही. ४० च्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट असतात, तिला लाल टोपीची यू-४० सिरिंज लागते. नारिंगी सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलंत तर ०.२ मिली येतं, म्हणजे अंगात जातात फक्त ८ युनिट. त्या पाच जणांची शुगर खाली येत नसेल तर कारण हेच असू शकतं. उलटं झालं तर जिवावरच बेततं, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० ला भरलं की ५० युनिट जातात. आजच इन्चार्जना आणि डॉक्टरांना कळवा. आणि नीट ऐका, कुणी या चुकीच्या सिरिंजवर डोस वाढवत नेला असेल तर योग्य सिरिंजनं तोच आकडा भरून चालणार नाही, शुगर एकदम पडेल. डोस डॉक्टरांनीच परत ठरवायचा.

जुनी_सिस्टर_मिरज (९.५८)
फोन कर आधी. उत्तर नंतर लिही. (मिश्र इन्सुलिन हलवायचं नाही, बाटली तळहातात हळू लाटायची.)

जाऊ_दे_परदेशी (१०.१५)
बघा, म्हणून म्हणतो परदेशी जा.

वारणाकाठ (१०.२२)
दादा, ती माणसं इथलीच आहेत. त्यांना कोण बघणार?

नवी_सिस्टर (मंगळवार, सकाळी ११.२०)
उशीर झाला, माफ करा. दोन रात्री झाल्या.
शुक्रवारी रात्रीच डॉक्टरांना फोन केला. ते शनिवारी स्वतः आले. तिघांचे डोस महिन्याभरात दोनदा वाढवलेले निघाले. आता लाल टोपीच्या सिरिंजा आणल्यात, डोस नव्यानं लिहून दिलेत, पाच जणांची शुगर दिवसातून चार वेळा बघतोय. इन्चार्ज मला काही बोलल्या नाहीत, पण नारिंगी सिरिंजांचा खोका त्यांनी स्वतः उचलून नेला. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन दुपारवर गेलं. मावशींना साडेपाचला चहा करून दिला आणि सगळ्यांना बसवायला सांगितलं. पहिल्या रात्री राउंडला एक तास पन्नास मिनिटं लागली, काल एक पंचवीस. सह्या दिल्यावरच केल्या. सिनियर सिस्टरना ते आवडलेलं नाही, पण त्यांनी चार्ट बघितला.
फोटो अजून सगळे झाले नाहीत, चारही पाटील आजींचे मात्र आधी काढले. त्यातल्या एकींनी फोटोसाठी नवं लुगडं मागवलं.
आता नवीन अडचण. काल एका आजोबांच्या पिशवीत दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या, आत दोन्हींवर बीपीचं एकच औषध, ॲम्लोडिपिन. एक आपल्या डॉक्टरांची, एक त्यांच्या मुलानं कोल्हापूरहून आणलेली. चार्टवर दोन्ही नावं आहेत, दोन्ही चालू. त्यांचे पाय घोट्यापर्यंत सुजलेत, बोट दाबलं की खड्डा पडतो. आज सकाळी बीपी १०४/६०, म्हणून दोन्ही दिल्या नाहीत, चार्टवर तसं लिहिलंय. डॉक्टर गुरुवारी येतात. तोवर थांबू का?

जुनी_सिस्टर_मिरज (११.२४)
नाही. आत्ता फोन कर. दोन्ही पट्ट्या हातात घेऊन बस, नाव आणि मिलिग्रॅम वाचून सांग.

नवी_सिस्टर (११.२६)
करते.