मदत हवी आहे: विजेच्या निकामी मोटारींचं भंगार कस्टम्सच्या कोणत्या हेडिंगखाली (मालाच्या वर्गीकरणाचा चार आकडी क्रमांक)?

विजेच्या जळालेल्या मोटारींचा एक कंटेनर येतोय. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर 'एल्मो' ग्रेड (मोटारींच्या भंगाराचं व्यापारातलं नाव) आणि ७४०४, म्हणजे तांब्याचं भंगार, असं लिहिलंय. पण ग्रेड व्यापाऱ्यांचा, वर्गीकरण कस्टम्सचं. नुसत्या ग्रेडवर विसंबायचं नाहीये. नमुन्याची एक मोटार फोडून वजन केलं: तांब्याची गुंडाळी जेमतेम मूठभर, बाकी बहुतेक लोखंडच. वजनाने जो धातू जास्त तो धरला तर ७२०४, म्हणजे लोखंडाचं भंगार, येतं. त्यात २०२२च्या एचएसमध्ये (मालाच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत) विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक भंगारासाठी ८५४९ वेगळं आलंय.

सगळ्या मोटारी अख्ख्या आहेत, पण एकही चालू किंवा दुरुस्तीजोगी नाही. तेल काढलंय, फोटो आहेत. माल अजून जहाजात चढलेला नाही.

अख्ख्या मोटारी ८५४९ मध्येच जातील, की आधी फोडून तांबं-लोखंड वेगळं केलं तर ७४०४ आणि ७२०४ लावता येईल?