इटलीतली क्रूझ : बंदरावर जहाजाची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

वृषाली_ठाणे
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात बार्सिलोनाहून ७ रात्रींची क्रूझ बुक झालीय, आम्ही दोघं, मुलगा (वय १२) आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने नको म्हणतात, सासऱ्यांना शुगर आहे त्यामुळे जेवणाची वेळ टळून चालत नाही. वाटेत इटलीची तीन बंदरं लागतात, लिव्होर्नो, चिविटावेक्किया आणि नेपल्स, सगळीकडे सकाळी सात-आठला पोचायचं आणि संध्याकाळी सहा-सातला निघायचं. जहाजाच्या साईटवर रोमची टूर माणशी १४० युरोच्या घरात आहे, पाच जणांचे तीन ठिकाणचे पैसे धरले तर आकडा बघूनच पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो सरळ ट्रेनने जाऊ. मला भीती ही की जहाज निघून गेलं तर परक्या देशात म्हाताऱ्या माणसांना घेऊन करायचं काय? कोणी स्वतः केलंय का? आणि मुलाला काहीही करून पॉम्पेई (नेपल्सजवळचं, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन शहर) बघायचंय, शाळेत ज्वालामुखीचा प्रोजेक्ट केल्यापासून तेच डोक्यात आहे.

भटक्या_नाशिक
वृषालीताई, सगळीकडे एकच नियम लावू नका, प्रत्येक बंदराचं वेगळं ठरवा. जहाज नेमकं कुठे लागतं आणि बघायचं ठिकाण तिथून किती लांब, हे आधी नकाशावर बघा. नेपल्सला जहाज शहराच्या मध्यातच लागतं, टर्मिनलबाहेर आलं की समोर कास्टेल नुओव्हो किल्ला. उलट 'रोम' म्हणून दाखवतात ते चिविटावेक्किया रोमपासून ७०-८० किलोमीटर, म्हणजे जवळपास ठाणे ते लोणावळा.

आम्ही रोमला ट्रेननेच गेलो आणि पुन्हा गेलो तरी तसंच जाऊ. बंदराची फुकट शटल लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत सोडते, तिथून स्टेशन वीसेक मिनिटं चालत, नाहीतर बस आहे. रिजनल ट्रेनचं तिकीट पाच युरोच्या आसपास. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करायचं, हे विसरू नका, दंड करतात. टर्मिनीपर्यंत (रोमचं मुख्य स्टेशन) न जाता आधीच्या सान पिएत्रो स्टेशनला उतरलात तर सेंट पीटर्स चर्च दहा-पंधरा मिनिटांवर. तो दिवस रविवार असेल तर व्हॅटिकन म्युझियम बंद असतं, महिन्यातला शेवटचा रविवार तेवढा उघडं, आधी कॅलेंडर बघा.

अनुराधा_कोथरूड
भटक्या यांचं तरुण जोडप्यासाठी बरोबर आहे पण वृषाली, तुझ्याबरोबर सासू-सासरे आहेत म्हणून आमचा अनुभव सांगते. आम्हीही ट्रेननेच रोमला गेलो होतो, सकाळचं सगळं सुरळीत, कलोसियम झालं, ट्रेव्ही कारंजं झालं, दुपारी टर्मिनीला आलो तर बोर्डावर ओळीने गाड्या रद्द, संप होता आणि आम्हाला पत्ताच नाही! चिविटावेक्कियाच्या गाड्या ज्या प्लॅटफॉर्मवरून सुटतात ते स्टेशनच्या पार टोकाला, तिथवर चालत जाऊन परत यायचं म्हणजे आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेवटी दीडशे युरो देऊन टॅक्सी केली, सगळ्यांनी जहाजात असायच्या वेळेआधी पंधरा मिनिटं पोचलो. त्या तासाभराची धडधड मला अजून आठवते. इटलीत संप आधी जाहीर होतात, निघायच्या आदल्या आठवड्यात तारखा बघून ठेव. 'शोपेरो' हा शब्द लक्षात ठेव, म्हणजे संप.

रॉटरडॅमकर
मूळ मुद्दा हा आहे की जहाजाच्या टूरची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी त्यांची. आपण आपले गेलो असलो तर पुढचा सगळा खर्च आपला. तुम्ही जे जास्तीचे पैसे देता ते मुख्यतः ह्याचेच, गाईडचे नाही.

पण एक मधला मार्ग आहे जो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. बरीच जहाजं फक्त बसचं तिकीटही विकतात, रोममध्ये सोडतात आणि ठरलेल्या वेळी तिथूनच उचलतात, गाईड नाही, मधला वेळ तुमचा. पूर्ण टूरपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि जहाजाचीच बस असल्यामुळे जहाज थांबायची हमीही मिळते. मी आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा रोमसाठी हेच केलं. चाळीस जणांच्या घोळक्यात झेंड्यामागे पळणं बाबांना जमलं नसतं, आणि त्यांना जेवायला, टॉयलेटला हवं तेव्हा थांबता आलं.

बाकी, भारतीय पासपोर्ट असेल तर काही जहाजं चेक-इनलाच ठेवून घेतात, त्यामुळे पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसाची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात हवी. खोलीत रोज जो कार्यक्रमाचा कागद येतो त्यावर पोर्ट एजंटचा (बंदरावरचा जहाजाचा प्रतिनिधी) नंबर असतो, उतरायच्या आधी त्याचा फोटो काढा.

वृषाली_ठाणे
नुसत्या बसचं माहीतच नव्हतं! आत्ता बघितलं, आमच्या जहाजाचंही आहे, यादीत पार खाली. लिव्होर्नो आणि पॉम्पेईचं काय करू?

भटक्या_नाशिक
लिव्होर्नोहून फ्लोरेन्सचा मोह टाळा असं मी म्हणेन. आधी बंदरातून शटलने गावात, मग स्टेशन, मग जवळजवळ दीड तास ट्रेन, तेवढंच परत, आणि मधे उन्हात चालणं. पिसा मात्र ट्रेनने वीसेक मिनिटं. मनोरा, कॅथेड्रल, हिरवळीवर बसून डबा, आणि दुपारी जहाजावर परत. सासूबाईंना त्या दिवशी विश्रांती मिळेल ती रोमला कामी येईल.

अनुराधा_कोथरूड
पॉम्पेईला दोन गट करा गं. नेपल्सहून चिर्कुमवेझुव्हियाना लोकल जाते, पाऊण तासाच्या आत, पण उभ्याने गर्दीत आणि पाकीटमारांपासून सांभाळून. बाप-लेकांनी जावं. आतले रस्ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओबडधोबड दगडांचे, गुडघे दुखणाऱ्याला नकोच. पियाझ्झा अँफितेआत्रोच्या गेटपासून रॅम्पचा सोपा मार्ग केलाय, पण तोही तीन किलोमीटरच्या वर आहे आणि सावली फार कमी.

तू सासू-सासऱ्यांना घेऊन नेपल्समध्येच थांब. बंदरासमोर म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन, तिथून एक नंबर लाईनने तिसरं स्टेशन म्युझिओ. पॉम्पेईतून काढलेली मोझेइक आणि भित्तिचित्रं तिथल्या पुरातत्त्व म्युझियममध्येच आहेत, बसायला बाकं आहेत. मंगळवारी बंद असतं तेवढं बघ. येताना गॅलेरिया उंबेर्तो या काचेच्या छताच्या बाजारात कॉफी, तिथून जहाज दहा-पंधरा मिनिटं चालत.

वृषाली_ठाणे
ठरलं. रोमला जहाजाची नुसती बस, पिसा आपलं आपण, नेपल्सला दोन गट. आमचा नेपल्सचा दिवस गुरुवार आहे, म्युझियम उघडं! मुलगा आत्तापासून नाचतोय. सासऱ्यांना म्युझियमचं सांगितलं तर म्हणाले मलाच जास्त आवडेल ते. खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏

रॉटरडॅमकर
पॉम्पेईचं तिकीट आत्ताच ऑनलाईन काढा. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, ते पासपोर्टवर आहे तसंच टाका. आणि दोन गट असतील तर परत भेटायची वेळ सगळ्यांनी जहाजात असायच्या वेळेआधी दोन तास ठेवा, ती लोकल उशिरा येते.